दंडाचा दाब, यकृताचा दाब

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब रोहिण्यांमधला. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेत, म्हणजे 'पोर्टल व्हेन'मध्ये, वेगळा दाब असतो. जेमतेम ५ ते १० मिलिमीटर. तो पट्ट्याला कळत नाही.

दारूने, 'ब' वा 'क' काविळीने किंवा वर्षानुवर्षे साठलेल्या चरबीने यकृत निबर झाले, म्हणजेच सिरोसिस झाला, की त्यातून रक्त सहज वाहत नाही आणि हा आतला दाब चढतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते, शौचाला डांबरासारखी काळी होते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे.

फसगत पुढेच आहे. सिरोसिस वाढला की शरीरातल्या इतर रक्तवाहिन्या सैलावतात आणि दंडावरचा दाब उतरतो. जुना रक्तदाबाचा रुग्ण खुशीत म्हणतो, ''माझं बीपी बरं झालं!'' पण गोळ्या पूर्वीच्याच चालू राहिल्या तर दाब फार उतरून मूत्रपिंडे दुखावू शकतात. म्हणून यकृताचा विकार असेल आणि दाब आपोआप उतरू लागला, तर गोळ्या मनाने बंद करू नका, तशाच रेटूही नका. डॉक्टरांना दाखवा. उतरलेला आकडा दर वेळी शुभवार्ता नसतो.