गरोदरपणात कांजिण्या: आईचे संरक्षण बाळापर्यंत कधी पोहोचते?

घरातल्या मोठ्या मुलाला कांजिण्या आल्या आणि तुम्ही गरोदर असाल, तर पोटातल्या बाळाची काळजी वाटणे साहजिक आहे. बाळाला किती धोका आहे, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: तुम्हाला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, आणि आता कितवा महिना चालू आहे.

आईकडून बाळाला काय मिळते?

कांजिण्या होऊन गेल्या किंवा लशीचे दोन डोस घेतले की शरीरात त्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडे, तयार होतात. त्यातली आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ती जाऊ लागतात, पण मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत पोहोचतो. पूर्ण दिवसांचे बाळ ही शिदोरी घेऊनच जन्माला येते. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाकडे मात्र ती फार अपुरी असते.

गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते का?

ती बदलते. गर्भाचे निम्मे गुण वडिलांकडून आलेले असतात. त्याला परके समजून शरीराने हल्ला करू नये, म्हणून प्रतिकारशक्तीचा काही भाग मवाळ होतो. त्यामुळे काही विषाणूंशी लढणे जड जाते. शिवाय वाढलेल्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते. म्हणूनच कांजिण्यांतून न्यूमोनिया झाला, तर तो गर्भवतीला जास्त त्रासदायक ठरू शकतो.

आईला कांजिण्या कधी झाल्या, यावर काय अवलंबून असते?

* पहिले २० आठवडे: बाळाच्या त्वचेवर, हातापायांवर, डोळ्यांवर किंवा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. पण असे १०० पैकी साधारण एक-दोन किंवा त्याहूनही कमी बाळांत घडते. केवळ कांजिण्या झाल्या म्हणून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. डॉक्टर तपशीलवार सोनोग्राफी करून बाळाची वाढ पाहतात.
* २० आठवड्यांनंतर: व्यंगाची भीती जवळजवळ उरत नाही. विषाणू बाळाच्या शरीरात शिरून सुप्त राहिला, तर क्वचित पहिल्या एक-दोन वर्षांत बाळाला नागीण होते.
* प्रसूतीच्या ५ दिवस आधीपासून २ दिवसांनंतरपर्यंत: हा काळ बाळासाठी सर्वांत धोक्याचा. आईचा विषाणू बाळापर्यंत पोहोचतो, पण आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन बाळाकडे जायला वेळच मिळत नाही. अशा बाळाला जन्मानंतर लवकरात लवकर तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शन देतात आणि देखरेखीखाली ठेवतात.

रुग्णाशी संपर्क आला तर

पुरळ दिसण्याच्या १-२ दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत रुग्णाकडून संसर्ग होऊ शकतो. तुम्हाला कांजिण्या नक्की होऊन गेल्या असतील, तर सहसा घाबरण्याचे कारण नाही. आठवत नसेल तर आईला, घरातल्या मोठ्यांना विचारा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रक्ततपासणीत प्रतिपिंडे आहेत की नाहीत ते समजते. नसतील तर संपर्कानंतर १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येते. ते मिळाले नाही, तर डॉक्टर विषाणूविरोधी गोळ्यांचा विचार करतात.

अंगावर पुरळ आले तर

पहिल्या २४ तासांत डॉक्टरांशी बोला. असायक्लोव्हिर हे औषध लवकर सुरू केले तर जास्त उपयोगी पडते. दवाखान्यात जाण्याआधी फोन करा, म्हणजे तिथल्या इतर गर्भवतींना संसर्ग होणार नाही. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

कडुलिंबाचा पाला अंथरुणाशी ठेवायला हरकत नाही, पण त्यासाठी औषध लांबवू नका. धाप लागणे, वाढता खोकला, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, गुंगी, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच रुग्णालयात जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मला नागीण झाली आहे. बाळाला धोका आहे का?*
नागीण म्हणजे शरीरात दडून राहिलेला जुनाच विषाणू पुन्हा जागा होणे. तुमच्याकडे प्रतिपिंडे आधीच असतात, त्यामुळे पोटातल्या बाळाला सहसा धोका नसतो. तरीही डॉक्टरांना दाखवा.

*कांजिण्या असताना दूध पाजावे का?*
बहुतेक वेळा पाजता येते. स्तनाग्राजवळ फोड असतील, तर त्या बाजूचे दूध काढून द्यावे का, हे डॉक्टर सांगतील.

*लस कधी घ्यावी?*
ही लस जिवंत विषाणूंची असल्याने गरोदरपणात देत नाहीत. कांजिण्या झाल्या नसतील, तर गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी डोस पूर्ण करा. ते राहून गेले असेल, तर बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही, ती घेता येते. आईकडून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते, म्हणून बाळाच्या स्वतःच्या लशीबद्दल, जी एक वर्षानंतर देतात, बालरोगतज्ज्ञांना विचारा.