मोटारगाडीचे विद्युत् रूपांतर, घरगुती

अंतर्ज्वलन-एंजिन काढून त्या जागी विद्युत् चलित्र (मोटर) व संचायक घटमाला बसवून जुनी गाडी विजेवर चालविणे म्हणजे विद्युत् रूपांतर होय. अमेरिकेत हौशी तंत्रज्ञांनी १९६० नंतर असे प्रयोग सुरू केले आणि १९६७ मध्ये ‘इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन’ ही त्यांची संघटना स्थापन झाली. फोक्सवॅगन बीटल ही त्यांची आवडती गाडी. तिचे वजन सु. ८०० किग्रॅ. असते, मागील बाजूचे हवाशीतित एंजिन सहज निघते आणि मूळची दंतचक्र पेटी तशीच ठेवून तिला जोडतबकडीने चलित्र बसविता येते.

नवशिक्याचे लक्ष प्रथम चलित्राकडे जाते; परंतु खर्च, वजन आणि पल्ला ही सर्व घटमालेवर ठरतात. सपाट रस्त्यावर ताशी ८० किमी. वेगास सु. १० ते १५ किवॉ. शक्ती पुरते. तेवढी शक्ती जुन्या फोर्कलिफ्टमधील एकदिश प्रवाहाचे एकसरी चलित्र देऊ शकते व ते स्वस्तही मिळते. आरंभीच त्याची परिपीडन (पीळ देणारी) प्रेरणा मोठी असते. मात्र मूळ ३६ वा ४८ व्होल्टऐवजी ९६ व्होल्ट दाब द्यावयाचा असल्यास त्याचे कार्बनाचे कुंचे फिरण्याच्या विरुद्ध दिशेस थोडे सरकवावे लागतात, अन्यथा दिक्परिवर्तकावर ठिणग्या पडतात. हे चलित्र पूर्ण दाबावर भाराविना कधीही चालवू नये. वेग अनावर होऊन ते फुटते. अपघातग्रस्त विद्युत् गाड्यांतील प्रत्यावर्ती प्रवाहाची चलित्रे अधिक कार्यक्षम असतात व गतिरोधनाच्या वेळी ऊर्जा परत देतात; पण त्यांचे नियंत्रक जुळविणे कठीण असते.

घटमालेचा हिशोब इच्छित पल्ल्यापासून करावा. लहान गाडीस दर किमी.स सु. ०·१५ किवॉ. तास ऊर्जा लागते. म्हणजे ६० किमी.ना ९ किवॉ. तास. गोल्फगाडीच्या ६ व्होल्ट, २२५ अँपिअर-तासांच्या १६ शिसे-अम्ल घटमालांवर २१·६ किवॉ. तास हा आकडा दिसतो. तो फसवा आहे. ही क्षमता २० तासांच्या संथ विसर्जनाची असते; तासाभरात रिकामी केल्यास तिचा सु. ६०% भागच मिळतो आणि आयुष्य टिकविण्यासाठी त्यातलाही निम्माच वापरावयाचा असतो. परिणामी ४५० किग्रॅ. वजन वाहून पल्ला जेमतेम ४० किमी. उरतो, शिवाय स्प्रिंगा व गतिरोधक भक्कम करावे लागतात. लिथियम-लोह-फॉस्फेटाचे ३·२ व्होल्ट, १२० अँपिअर-तासांचे ३० घट एकसरीत जोडल्यास ११·५ किवॉ. तास मिळतात. त्यांपैकी ८०% वापरूनही ६० किमी. साधतात आणि घटांचे वजन सु. १०० किग्रॅ. भरते. खरेदी महाग असली, तरी हे घट शिसे-अम्ल घटमालेच्या कित्येक पट विसर्जने सोसतात, म्हणून दर किमी.मागे तेच स्वस्त पडतात. प्रत्येक घटाच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा व एकदिश प्रवाहासाठीच बनविलेली वितळतार यांत काटकसर करू नये. हे घट ०° से. खाली भारित करू नयेत.

निसान लीफ गाडीच्या पहिल्या, २४ किवॉ. तासांच्या घटमालेतील ४८ खंड सुटे विकले जातात. उष्ण हवेत ते लवकर क्षीण होतात. विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाची क्षमता मोजावी, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

भारतात असा बदल ‘मोटार वाहन अधिनियम, १९८८’ मधील कलम ५२ च्या कक्षेत येतो. त्यामुळे सुटे भाग घेण्यापूर्वीच नोंदणी अधिकाऱ्याकडे चौकशी करणे इष्ट.