बास्केटबॉल व्हिडिओ खेळ : खेळाडू-गुणांकन व अदलाबदल

दूरचित्रवाणीच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉल खेळांत प्रत्यक्ष खेळाडूंचे कौशल्य अंकांच्या रूपाने मांडण्याच्या पद्धतीस खेळाडू-गुणांकन म्हणतात. खेळाडूचे पडद्यावरील प्रतिरूप किती वेगाने धावेल, त्याची फेक वलयातून जाण्याचा संभव किती राहील, हे या अंकांवरून ठरते. याच अंकांच्या आधारे संगणकाच्या ताब्यातील संघ खेळाडूंच्या देवाणघेवाणीचा प्रस्ताव स्वीकारतो किंवा नाकारतो. या निर्णयनियमांना अदलाबदल-तर्क असे म्हणता येईल. गुणांक म्हणजे निव्वळ मोजमाप, असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः तो मोजमाप व मत यांच्या मिश्रणातून निघालेला निष्कर्ष असतो. अदलाबदल-तर्क मात्र त्याला निर्विवाद सत्य मानून चालतो. या प्रकारच्या खेळांतील बहुतेक गुण-दोषांचे मूळ या विसंगतीत आढळते.

इतिहास : बास्केटबॉलचा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथे सुरू केला. जपानच्या टाइटो कंपनीने १९७४ साली काढलेला नाण्यावर चालणारा खेळ हा पडद्यावरील बास्केटबॉलचा एक आरंभीचा नमुना होय. अशा खेळांतील आकृत्या अनामिक असत व त्यांच्यात कौशल्याचा भेद नसे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या कंपनीच्या १९८३ सालच्या ‘वन ऑन वन’ या खेळात ज्यूलिअस अर्व्हिंग व लॅरी बर्ड हे दोन नामांकित खेळाडू परस्परांविरुद्ध उतरविण्यात आले. बर्डची दुरून केलेली फेक अधिक अचूक आणि अर्व्हिंगची वलयाकडील मुसंडी अधिक प्रभावी, असा भेद त्यात राखलेला होता. प्रत्यक्ष व्यक्तीचे वैशिष्ट्य अंकांत उतरविण्याचा हा एक आद्य प्रयत्न म्हणता येईल.

मिडवे कंपनीच्या ‘एनबीए जॅम’ (१९९३) या खेळात वेग, दुरून फेक, वरून चेंडू वलयात घालणे व बचाव यांसारख्या मोजक्या गुणविशेषांचे अंक खेळाडूच्या निवडीच्या वेळीच पडद्यावर दाखविले जात. या खेळाचे प्रमुख रचनाकार मार्क टर्मेल हे डिट्रॉइट पिस्टन्स संघाचे चाहते होते. शिकागो बुल्स संघाने डिट्रॉइटविरुद्ध अटीतटीच्या सामन्यात अखेरच्या क्षणी केलेली फेक बहुधा चुकावी, अशी तजवीज आपण आज्ञावलीत केली होती, असे त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी सांगितले. रचनाकाराची आवडनिवड आकड्यांआड कशी दडू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्यानंतर ‘एनबीए लाइव्ह’ (१९९४ पासून) व ‘एनबीए २के’ (१९९९ पासून) या मालिकांनी गुणविशेषांची संख्या वाढवीत नेली. पुढे वापरकर्त्याला अनेक हंगाम संघाचे व्यवस्थापन करण्याची सोय झाली आणि अदलाबदल-तर्काला महत्त्व आले.

गुणांकनाची रीत : बहुतेक खेळांत प्रत्येक गुणविशेषाला शंभराच्या आतील अंक दिला जातो. जवळची फेक, मध्यम अंतरावरील फेक, तीन गुणांची फेक, चेंडूवरील ताबा, पास, रिबाउंड, वैयक्तिक बचाव, वेग, उडी व दमसास हे प्रमुख गुणविशेष होत. फेकीच्या वेळी आज्ञावली संबंधित अंक, वलयापासूनचे अंतर, बचाव करणाऱ्याची जवळीक, आलेला थकवा व वापरकर्त्याने साधलेली वेळ यांवरून यशाची संभाव्यता ठरविते. कौशल्याबरोबर प्रवृत्तीचेही अंक काही खेळांत असतात. एखादा खेळाडू दुरून उत्तम फेक करू शकतो, हे कौशल्य; तो तशी फेक किती वेळा करतो, ही प्रवृत्ती. या दोहोंत गल्लत झाली, तर बेताने फेक करणारा खेळाडू पडद्यावर सतत फेकी करू लागतो व त्याचे मूळ व्यक्तिमत्त्व हरवते.

सर्व गुणविशेष सारख्याच खात्रीने ठरविता येत नाहीत. मुक्त फेक ही बचावाविना, ठराविक अंतरावरून केली जाते. त्यामुळे तिची टक्केवारी जवळजवळ थेट अंकात उतरविता येते. तीन गुणांच्या फेकीच्या बाबतीत किती प्रयत्नांवरून टक्केवारी काढली, हे पाहावे लागते. हंगामाच्या आरंभी एखाद्याने १० पैकी ६ फेकी साधल्या, म्हणून त्याला ६० टक्क्यांचा खेळाडू मानता येत नाही. प्रयत्न वाढत जातात तसतशी टक्केवारी त्याच्या खऱ्या कुवतीकडे सरकते. बचावाचे मोजमाप याहून अवघड आहे. उत्तम बचाव करणाऱ्यासमोर प्रतिस्पर्धी फेक करण्याचेच टाळतो आणि न केलेल्या फेकीची नोंद तक्त्यात होत नाही. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या (एनबीए) सर्व क्रीडागारांत २०१३–१४ च्या हंगामापासून खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसविण्यात आल्याने ही अडचण थोडी कमी झाली. तथापि सामना पाहून मत बनविणाऱ्या जाणकाराची गरज संपलेली नाही.

जुन्या काळच्या खेळाडूंच्या बाबतीत मताचा वाटा आणखी वाढतो. चेंडू हिरावणे व फेक अडविणे यांची अधिकृत नोंद एनबीएमध्ये १९७३–७४ पासून होऊ लागली. तीन गुणांच्या फेकीची रेषा १९७९–८० मध्ये आली. बिल रसेल यांनी १९५६ ते १९६९ या काळात बॉस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळविली. बचावासाठी त्यांची सर्वाधिक ख्याती असूनही त्यांनी किती फेकी अडविल्या, याची अधिकृत संख्या अस्तित्वात नाही. दुरून फेकीसाठी नावाजलेले जेरी वेस्ट १९७४ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा ती रेषाच नव्हती. अशा खेळाडूंचे अंक म्हणजे आठवणी, चित्रफिती व समकालीनांचे अभिप्राय यांवरून केलेली अटकळच होय.

एकूण गुणांक : निरनिराळ्या गुणविशेषांना कमीअधिक भार देऊन एकच एकूण गुणांक काढला जातो. हा भार खेळाडूच्या स्थानानुसार बदलतो. मध्यस्थानी खेळणाऱ्या उंच खेळाडूला रिबाउंड व फेक अडविणे यांसाठी, तर चेंडू खेळविणाऱ्याला पास व ताबा यांसाठी अधिक श्रेय मिळते. परिणामी एकाच खेळाडूचे स्थान बदलले, तर कौशल्य तेच राहूनही एकूण गुणांक बदलू शकतो. सर्वसामान्य चाहत्याच्या नजरेत मात्र हा एकच अंक भरतो. नव्या हंगामाचे गुणांक जाहीर झाले, की कित्येक व्यावसायिक खेळाडू आपला अंक कमी लावल्याबद्दल उघड नाराजी व्यक्त करतात. हंगाम चालू असतानाही अंकांत वेळोवेळी फेरफार केले जातात.

अदलाबदलीचे नियम : प्रत्यक्ष एनबीएमध्ये खेळाडूंची अदलाबदल वेतनमर्यादेशी जखडलेली आहे. १९८४–८५ च्या हंगामात ही मर्यादा प्रत्येक संघासाठी ३६ लाख डॉलर होती. २०२५–२६ मध्ये ती १५ कोटी ४६ लाख डॉलरांवर गेली. ही मर्यादा ओलांडलेल्या संघाला दिलेल्या व घेतलेल्या खेळाडूंची वेतने ठरलेल्या प्रमाणात जुळवावी लागतात. नवोदित खेळाडू निवडण्याचे भावी वर्षांतील हक्क, म्हणजेच ड्राफ्टमधील निवडी, यांचीही देवघेव होते. टेड स्टेपियन यांच्या मालकीच्या काळात (१९८०–८३) क्लीव्हलँड कॅव्हलिअर्स संघाने आपल्या पहिल्या फेरीतील निवडी एकामागून एक देऊन टाकल्या. त्यानंतर आलेल्या व त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, भविष्यातील लागोपाठ दोन वर्षे पहिल्या फेरीतील एकही निवड हाती राहणार नाही, असा व्यवहार संघाला करता येत नाही. २०२३ च्या करारान्वये अतिखर्चिक संघांवर आणखी निर्बंध आले. ठराविक पातळीपलीकडे वेतनखर्च गेलेल्या संघाला अनेक खेळाडूंची वेतने एकत्र करून मोठ्या वेतनाचा एक खेळाडू मिळविता येत नाही. प्रस्तावाची पहिली चाचणी अशा नियमांची असते. ती निव्वळ हिशेबाची असल्याने संगणकाला सोपी जाते; नियम बदलले, की आज्ञावलीही बदलावी लागते.

मूल्य-तर्क : दुसरी चाचणी मूल्याची असते व खरी अडचण तेथेच उद्भवते. गुणांकांची साधी बेरीज केली, तर ८० गुणांकाच्या दोन खेळाडूंचे १६० होतात व ते ९० गुणांकाच्या श्रेष्ठ खेळाडूहून मोलाचे ठरतात. खेळाच्या दृष्टीने हे असत्य आहे. मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात व सामना ४८ मिनिटांचा असतो. म्हणजे संघाला खेळाडूंची एकूण २४० मिनिटेच वाटता येतात. श्रेष्ठ खेळाडू थोड्या जागेत पुष्कळ काम करतो. मध्यम प्रतीचे खेळाडू एकाच जागी रचता येत नाहीत. शिवाय सामान्य प्रतीचा खेळाडू कोणत्याही संघाला सहज मिळतो, म्हणून त्या पातळीपर्यंतच्या गुणांकाला मोल नसते.

यावर उपाय म्हणून गुणांक व मूल्य यांतील संबंध वक्राकार ठेवतात. समजा, सहज मिळणाऱ्या खेळाडूचा गुणांक ७० धरला व त्यावरील अंतराचा वर्ग हे मूल्य मानले; तर ८० च्या खेळाडूचे मूल्य १०० व ९० च्या खेळाडूचे ४०० होते. आता एका श्रेष्ठ खेळाडूसाठी तसे चार खेळाडू द्यावे लागतात. बास्केटबॉल जीएम या व्यवस्थापनपर संगणकीय खेळात याच तत्त्वाला अनुसरून मूल्याचा वरचा घात घेतला जातो. याशिवाय वय, कराराची उरलेली वर्षे, वेतन व भावी क्षमता यांची भर घातली जाते. अजिंक्यपदाच्या शर्यतीतील संघ आजच्या कौशल्याला, तर नव्याने उभारणी करणारा संघ तरुण खेळाडूंना व ड्राफ्टमधील निवडींना अधिक महत्त्व देतो, असेही धोरण आज्ञावलीत घालता येते.

तरीही ठराविक सूत्राने चालणाऱ्या प्रतिपक्षाची उणीव चतुर वापरकर्ता शोधून काढतो. सूत्रात एखाद्या वयोगटाला वा निवडीला थोडे जरी जादा मोल मिळाले, तरी तोच व्यवहार पुनःपुन्हा करून काही हंगामांत अजेय संघ उभा करता येतो. मनुष्य-व्यवस्थापक एकदा फसल्यावर सावध होतो. सूत्र होत नाही. म्हणून संगणकाने काहीसा नफा मागणे, भावी क्षमतेचा अंदाज धूसर ठेवणे व प्रस्तावांच्या संख्येला आळा घालणे, असे उपाय योजले जातात. ते अति झाले, तर न्याय्य व्यवहारही नाकारले जातात आणि खेळ निर्जीव होतो.

प्रत्यक्ष व्यवहारांशी तुलना : मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्‌जने ३१ जुलै २००७ रोजी केव्हिन गार्नेट हा एक खेळाडू बॉस्टनला देऊन पाच खेळाडू व पहिल्या फेरीतील दोन निवडी घेतल्या. बॉस्टनने २००८ चे अजिंक्यपद पटकाविले; एक श्रेष्ठ खेळाडू अनेक मध्यम खेळाडूंना भारी ठरतो, हे वक्राकार मूल्याचे तत्त्व येथे खरे ठरले. उलट २०१९ च्या जुलैमध्ये लॉस अँजेल्स क्लिपर्सने पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटी थंडरला पहिल्या फेरीतील पाच निवडी व इतर मोबदल्याबरोबर एकच हंगाम खेळलेला शाय गिल्जस-अलेक्झांडर दिला. त्या हंगामात त्याची सरासरी १०·८ गुणांची होती. पुढे तो २०२४–२५ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला व त्याच्या संघाने २०२५ चे अजिंक्यपद मिळविले. २०१९ मधील कोणत्याही गुणांकात हे भवितव्य दिसणे शक्य नव्हते. डॅलस मॅव्हरिक्सने २ फेब्रुवारी २०२५ रोजी २५ वर्षांचा लूका डॉन्चिच लॉस अँजेल्स लेकर्सला देऊन मुख्यतः ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी व पहिल्या फेरीतील एक निवड घेतली. वय व कौशल्य यांवर चालणारे कोणतेही सूत्र असा प्रस्ताव सहसा मान्य करणार नाही. डॅलसच्या व्यवस्थापनाने मात्र बचावाला अग्रक्रम दिल्याचे सांगितले. सूत्रापेक्षा माणसाचा निर्णय नेहमीच शहाणपणाचा असतो असे नाही. पण त्यामागील कारणे सूत्रात न मावणारी असू शकतात.

हक्क व मोबदला : अंकांवरून व्यक्ती ओळखता येते, हा मुद्दा अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील संघाकडून १९९५ चे महाविद्यालयीन अजिंक्यपद जिंकणारे एड ओबॅनन यांना एका व्हिडिओ खेळात आपलेच प्रतिरूप आढळले. नाव नव्हते, पण संघ, स्थान, अंगकाठी, खेळण्याची ढब व ३१ हा पोशाखावरील क्रमांक त्यांचाच होता. त्यांना मोबदला मिळालेला नव्हता व संमतीही विचारण्यात आली नव्हती. त्यांनी २००९ मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटनेविरुद्ध दावा लावला व २०१४ मध्ये जिल्हा न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांच्या वापराबद्दल मोबदला घेण्याची मुभा मिळाली. व्यावसायिक खेळाडूंची नावे व प्रतिमा यांसाठी खेळांचे निर्माते एनबीए व खेळाडूंची संघटना यांच्याकडून परवाना घेतात.