अल्पवयीन अपराधी आणि न्याय

एखाद्या बाजारपेठेत रात्री दुकान फोडले जाते आणि गल्ल्यातील रोकड घेऊन पळताना दोघे जण पकडले जातात. एक बावीस वर्षांचा, दुसरा अवघा पंधरा वर्षांचा. कुलूप दोघांनी मिळून तोडले, रोकडही दोघांनी वाटून घेतली. मग दोघांना न्याय एकच का नसावा, असा प्रश्न दुकानदाराच्या मनात आला तर त्यात नवल नाही. परंतु पोलीस ठाण्याच्या दारातच या दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. त्या का आणि कशा वेगळ्या होतात, हे समजून घेणे घरात मुले असणाऱ्या प्रत्येकास अगत्याचे आहे.

हा भेद आजचा नव्हे. अल्पवयीन अपराध्यांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद आपल्याकडे १८७६ च्या कायद्याने झाली. अमेरिकेत शिकागो येथे १८९९ साली मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय निघाले, आणि तो विचार हळूहळू जगभर पसरला. मद्रास इलाख्याने १९२० साली व मुंबई इलाख्याने १९२४ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदे केले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. हैदराबाद राज्याचा असा कायदा १९५१ चा. प्रांतोप्रांतीच्या या निरनिराळ्या कायद्यांच्या जागी १९८६ साली, जम्मू-काश्मीर वगळता, साऱ्या देशासाठी एक कायदा आला. त्यात मुलग्यांची वयोमर्यादा सोळा व मुलींची अठरा होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसही अठरा केली. सध्या २०१५ चा बालन्याय कायदा अमलात आहे.

या सर्वांच्या मुळाशी विचार एकच आहे. प्रौढाच्या खटल्यात न्यायालय मुख्यतः विचारते, ‘याने काय केले?’ मुलाच्या बाबतीत त्याबरोबरच दुसरा प्रश्न विचारावा लागतो, ‘याचे पुढे काय होणार?’ कोवळ्या वयात बुद्धी अपक्व असते, संगतीचा परिणाम लवकर होतो. पण वळण लागण्याची शक्यताही त्याच वयात अधिक असते. सराईत गुन्हेगारांच्या कोठडीत टाकलेला मुलगा तेथून कोणती विद्या शिकून बाहेर येईल, हे सांगावयास नको.

आता त्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे पाहू. त्याला बेड्या घालता येत नाहीत, कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात, आणि त्या दोघांपैकी एक तरी स्त्री असावीच लागते. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला सामान्यतः जामिनावर सोडावे, असा नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्यालाच धोका पोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, असे दिसले तरच त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. लोक ज्याला अजूनही ‘रिमांड होम’ म्हणतात, ते हेच. त्याच्या सोबत्याचा खटला व त्याची चौकशी एकत्र चालविता येत नाही. मुलाच्या घरची स्थिती, शाळा, संगत यांची माहिती परिवीक्षा अधिकारी मंडळापुढे ठेवतो. त्याचे नाव वा छायाचित्र वृत्तपत्रांना छापता येत नाही.

दोष सिद्ध झाल्यास मंडळ समज देऊन त्याला घरी पाठवू शकते, समाजसेवेचे काम लावू शकते, परिवीक्षेवर सोडू शकते, किंवा अधिकात अधिक तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. पुढे नोकरीसाठी अर्ज करताना हा जुना डाग त्याच्या आड येऊ नये, अशीही व्यवस्था कायद्यात आहे.

मग ही निव्वळ मोकळीक आहे काय? डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत झालेल्या भीषण अत्याचारानंतर हाच प्रश्न देशभर तीव्रतेने विचारला गेला. कारण आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता. २०१५ च्या कायद्यातील नवे कलम त्या मंथनातून आले. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, असा निर्घृण गुन्हा सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासते. प्रौढाप्रमाणे खटला चालावा असे मंडळास वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते. तथापि तेथेही फाशी देता येत नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. असा मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत तुरुंगात नव्हे, तर सुरक्षित स्थानी राहतो. त्यानंतर तो सुधारला किंवा कसे, हे पाहून पुढचा निर्णय होतो. मात्र ज्याला न्यायालय अशा खटल्यात दोषी ठरवते, त्याला जुना डाग पुसण्याची सवलत मिळत नाही. सुधारणेची आशा आणि पीडिताची वेदना यांचा तोल राखण्याचा हा प्रयत्न आहे. तो कितपत साधला, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत.

ही सारी इमारत उभी आहे ती वयाच्या दाखल्यावर. अपराध घडला त्या दिवशीचे वय धरले जाते, आणि ते ठरविताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र आधी पाहतात. ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आपल्याकडे कित्येकांच्या दाखल्यावर १ जून हीच जन्मतारीख आढळते. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणास आठवत नव्हती, म्हणून गुरुजींनी ती लिहून टाकली. त्या वेळी क्षुल्लक वाटलेली ती नोंद पुढे एखाद्या मुलाला मंडळापुढे न्यावयाचे की प्रौढांच्या न्यायालयात, हे ठरवू शकते. मुलाच्या जन्माची नोंद वेळीच आणि खरी करून ठेवणे, हे म्हणूनच आईबापांचे न्यायालाही पहिले साहाय्य होय.