प्रदीप नरवालचे गुण अठराशे, पद्मश्री मात्र अजय ठाकूरला. मग मोठा रेडर ठरवायचा कसा?

प्रो कबड्डी सुरू झाली की रत्नागिरीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. खेड, चिपळूण, गुहागरकडची मंडळी असतील तर विचारूच नका. सगळ्यात मोठा रेडर कोण? मग कोणीतरी स्क्रीनशॉट टाकतो. प्रदीप नरवाल, रेड पॉइंट १८०० च्या घरात, विषय संपला.

पण विषय संपत नाही.

कारण २०१९ साली पद्मश्री मिळाली ती अजय ठाकूरला, आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही. अजयचे लीगमधले रेड पॉइंट आठशेच्या आत आहेत. म्हणजे प्रदीपच्या निम्मेसुद्धा नाहीत. मग सरकारला गणित येत नाही का?

तर येतं. फक्त ते वेगळं गणित आहे. अर्जुन पुरस्कारासाठी मुख्य वजन असतं ते आधीच्या चार वर्षांतल्या आंतरराष्ट्रीय कामगिरीला. एशियन गेम्स, वर्ल्ड कप अशा ठिकाणची पदकं बघितली जातात. लीगमध्ये तुम्ही किती गडी बाद केले, यावर पदक मिळत नाही.

आता २०१६ चा वर्ल्ड कप आठवा. अहमदाबाद, फायनल, समोर इराण. मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे. तिथून भारत ३८-२९ ने जिंकला आणि त्यात अजय ठाकूरचे गुण होते १२. लीगच्या एखाद्या रात्री १२ गुण म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. पवन सेहरावतने २०१९ मध्ये हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका मॅचमध्ये ३९ घेतले होते. तरी ते १२ गुण जास्त वजनदार वाटतात, कारण त्या दिवशी ते आले नसते तर कप गेला असता.

पण म्हणून प्रदीपला कमी लेखायचं का? अजिबात नाही. पाटणा पायरेट्सने सलग तीन वेळा लीग जिंकली, त्या तिन्ही वेळा तो संघात होता. २०१७ च्या एकाच सीझनमध्ये ३६९ रेड पॉइंट. डुबकी मारून सात जणांच्या कोंडाळ्यातून निघणारा तो माणूस बघायला लोक टीव्हीसमोर बसायचे. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

हाच घोळ अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये चालतो. तिथला रनिंग बॅक म्हणजे बॉल पोटाशी धरून समोरच्यांच्या भिंतीत घुसणारा गडी, आपल्या रेडरचा लांबचा भाऊच. मार इतका खातो की करिअर लवकर आटोपतं. गेल सेयर्स फक्त ६८ मॅच खेळला, तरी १९७७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. टेरेल डेव्हिसने १९९८ च्या एका सीझनमध्ये २००८ यार्ड काढले, मग गुडघ्याने दगा दिला. एकूण सातच सीझन. त्याला २०१७ पर्यंत थांबावं लागलं. उलट फ्रँक गोर सोळा सीझन टिकला, १६,००० यार्ड काढले, एकूण यादीत तिसरा. पण एकाही सीझनला तो लीगमध्ये पहिला आला नाही. आता थोडा काळ तळपलेला मोठा की वर्षानुवर्षं टिकलेला? तिकडेही भांडणं होतातच.

मला विचाराल तर रेडरच्या बाबतीत तळपण्याला थोडं जास्त वजन द्यावं. एकूण गुण हे बरेचसे किती मॅच खेळायला मिळाल्या त्यावर ठरतात. शिवाय नियमांचा भाग आहेच. 'डू ऑर डाय' रेडमध्ये गुण आणलाच पाहिजे, नाहीतर आऊट. जुन्या मातीवरच्या खेळाडूवर ही सक्ती नव्हती आणि ही संधीही नव्हती.

आणि खरी गोची इथेच आहे. प्रो कबड्डी २०१४ ला आली. एशियन गेम्समध्ये कबड्डी आली १९९० ला. पण सदानंद शेट्ये यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९७२ साली! कबड्डीतला तो पहिलाच. तेव्हा ना लीग, ना एशियाड. त्यांचा खेळ बघितलेल्या माणसांच्या शब्दावरच भरवसा ठेवायचा होता.

अभिलाषा म्हात्रेचं घ्या. मुंबईची रेडर, २०१४ च्या एशियन गेम्सचं सुवर्ण, २०१५ चा अर्जुन. तिचे लीगमधले रेड पॉइंट शोधायला जाल तर हाती काय लागणार? मुलींसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, पुढच्या वर्षी ती झालीच नाही. स्क्रीनशॉटवाल्यांच्या हिशेबाने अभिलाषा यादीतच नाही.

हा नुसता मानाचा प्रश्न असता तर ग्रुपवर भांडून सोडून दिला असता. पण महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथे प्रमाणपत्र लागतं, आठवण चालत नाही. गावच्या मैदानावर रात्री दिव्याखाली टेबलावर बसून कोणीतरी प्रत्येक चढाईचा गुण कागदावर लिहीत असतो. सामना संपला की निकाल फळ्यावर जातो, बक्षीस वाटप होतं, आणि त्या कागदात पुढे वडापाव बांधला गेला तरी कोणी विचारत नाही.