मराठवाड्यातील दोन धावपट्ट्या

विमानतळ बांधला की विमान येणारच, असा सर्वसाधारण समज असतो. नांदेड व लातूर येथील धावपट्ट्यांचा इतिहास पाहता तो तितकासा खरा ठरत नाही.

नांदेडची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५८ साली, म्हणजे मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात असताना बांधली. त्यानंतर कित्येक वर्षे तिचा उपयोग बेताचाच राहिला. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त देशोदेशींचे भाविक नांदेडला येणार होते. तेव्हा कोठे तिचे नूतनीकरण झाले. आज तिची लांबी सुमारे २,३०० मीटर आहे. लातूरची धावपट्टी १९९१ ची. २००९ साली या दोन्हींसह राज्यातील पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले. तरीही नियमित प्रवासी सेवा रुजली नाही.

याचे कारण हिशेबात आहे. लहान शहरातून विमानाची सर्व आसने रोज भरत नाहीत, खर्च मात्र पूर्ण विमानाचाच होतो. ही तूट भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने 'उडान' योजना आखली. तीनुसार तासाभराच्या प्रवासासाठी ठराविक आसनांचे भाडे सुरुवातीस २,५०० रुपये ठरविण्यात आले आणि कंपनीस होणारी तूट तीन वर्षे अनुदानातून भरून देण्याची तरतूद झाली. या अनुदानात राज्याचाही वाटा असतो. २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, ती याच योजनेखाली. मोटारीने पाच-सहा तासांची वाट तासाभरावर आली. परंतु ती चालविणारी कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. पुढे ३१ मार्च २०२४ पासून दुसऱ्या कंपनीने नांदेडहून उड्डाणे सुरू केली. लातूरला अशी सेवा अद्याप स्थिरावलेली नाही.

विमाने थांबली म्हणून धावपट्टीची झीज थांबत नाही, हे विशेषत्वाने सांगावयास हवे. उन्हाने डांबर ठिसूळ होते, त्यास बारीक भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरते. आपल्या भागातील काळी माती तर पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते; त्यामुळे वरचा थर अधिकच उखडतो. रस्त्यावरील खड्डा मोटारचालक चुकवितो, उतरणाऱ्या विमानास ती सोय नाही. सुटलेला एखादा खडाही इंजिनात ओढला गेल्यास यंत्र निकामी होऊ शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडची उड्डाणे धावपट्टीच्या अवस्थेमुळेच काही काळ थांबवावी लागली होती. वापर असो वा नसो, डागडुजीची तरतूद दरवर्षी करावीच लागते. ही बाब अंदाजपत्रकात सहसा मागे पडते.

धावपट्टीभोवतीच्या गावांचाही याच्याशी संबंध आहे. कुंपणाची तार तुटली की गुरे व कुत्री आत शिरतात. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकणे अथवा जनावरे कापणे यांस विमानविषयक नियमांनी मनाई आहे. कारण त्यामुळे घारी व इतर पक्षी जमतात आणि त्यांची विमानाशी टक्कर होण्याचा धोका असतो. ग्रामपंचायतीने कचरा टाकण्याची जागा ठरविण्यापूर्वी हे अंतर मोजून घ्यावे. उंच इमारत, मनोरा किंवा पाण्याची टाकी उभारावयाची असल्यास आधी विमानतळाशी संबंधित यंत्रणेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बांधकाम झाल्यावर ते मिळेलच, या भरवशावर कोणी राहू नये.