शंभर फुटांवरून दिसणारे पोस्टर

गणपती जवळ आले की रत्नागिरीत मारुती मंदिराच्या परिसरात जाखडी नाचाच्या ‘शक्ती-तुरा जंगी सामना’चे फ्लेक्स झळकू लागतात. एका अंगाला शक्तीवाले शाहीर, दुसऱ्या अंगाला तुरेवाले, मध्ये ठिणग्या उडवणारी अक्षरे आणि खाली निमंत्रक, सौजन्य, शुभेच्छुक यांचे पंधरा-वीस चेहरे. परवा अशाच एका फ्लेक्ससमोर मी थांबलो. कार्यक्रम कुठे आहे आणि किती वाजता, हे शोधायला मला बराच वेळ लागला. मी पायी होतो म्हणून सापडले तरी. ताशी 40 किलोमीटरने जाणारी स्कूटर सेकंदाला 11 मीटर पुढे सरकते. शंभर फुटांवरून पोस्टर दिसू लागले, तर ते मागे पडायला पुरते तीन सेकंदही लागत नाहीत.

या तीन सेकंदांचे काय करायचे, हा प्रश्न सिनेमावाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच हाताशी घेतला होता. म्हणून नमनाचा खेळ, एकांकिका किंवा जाखडी यांचे पोस्टर करायला बसणाऱ्या प्रत्येक मंडळाने आधी दहा चांगली सिनेमाची पोस्टरे समोर ठेवावीत, असे मला मनापासून वाटते. नक्कल करायला नव्हे. चित्रकाराने काय ठेवले आणि काय गाळले, ते पाहायला.

आंबा घाट चढून कोल्हापूर गाठले की या विद्येचे माहेर लागते. बाबूराव पेंटर (1890-1954) आधी आनंदराव पेंटरांच्या जोडीने नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून त्यांनी 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आणला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतःच केली. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. नाटकाचा पडदा शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावा लागतो. पोस्टरकडे वळलेल्या हाताला ही शिस्त आधीच लागलेली होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या काळची छपाई शिळेवरची. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा, म्हणजे वाढीव रंग हा थेट वाढीव खर्च. रंग निवडूनच घ्यावे लागत. आज संगणकावर लाखो रंग फुकट मिळतात आणि म्हणूनच निवड करायची राहून जाते.

कोल्हापूरचेच जी. कांबळे. शासनाने मान्यता दिलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र त्यांचे, आणि ‘मुघल-ए-आझम’ची (1960) पोस्टरेही त्यांचीच. त्यांच्यानंतर सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’सारख्या चित्रपटांसाठी वेगळाच हात चालवला. रंगाचे जाड थर, पात्याने ओढल्यासारखे फटकारे, चेहऱ्यावर निळ्या-केशरी छटा. कातडीचा खरा रंग त्यांनी सोडून दिला आणि संताप धरला. फोटो जसाच्या तसा चिकटवून हे साधत नाही. शाहिरांचा फोटो घेतलात, तरी तो दोन रंगांत उतरवून पाहा. तोच चेहरा एकदम बोलू लागतो.

पोस्टर वाचायची माझी रीत साधी आहे. त्यावर बटर पेपर ठेवायचा आणि फक्त मोठे आकार पेन्सिलीने उतरवायचे. नाक-डोळे नाहीत, अक्षरे नाहीत. ‘मदर इंडिया’चे (1957) सर्वांत ओळखीचे पोस्टर असे उतरवले, तर खांद्यावर नांगराचा भार घेतलेली नर्गिस एक तिरकी, ताणलेली रेघ होऊन उरते. सगळी गोष्ट त्या तिरकेपणात आहे. तीच बाई सरळ उभी केली असती, तर ओझे जाणवलेच नसते. ‘जॉज’चे (1975) पोस्टर उतरवले तर उरतात एक आडवी रेघ, तिच्यावर पोहणारी इवलीशी बाई आणि खालून वर येणारे माशाचे टोकदार त्रिकोणी तोंड. रॉजर कॅस्टेल यांनी हे चित्र मुळात कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी काढले होते. सिनेमाने ते तसेच उचलले. माशाने अजून काहीच केलेले नाही. भीती आहे ती दोघांमधल्या मोकळ्या पाण्यात. आपल्या फ्लेक्सवर अशी मोकळी जागा दिसली की तिथे आणखी एक शुभेच्छुक बसवला जातो.

सत्यजित राय जाहिरात कंपनीतून सिनेमात आलेले. आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः करत. ‘देवी’च्या (1960) पोस्टरवर शर्मिला टागोरांचा एकच चेहरा, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. सुनेला देवी ठरवणाऱ्या घराची गोष्ट आणखी कशी सांगणार?

आता अक्षरे. मराठीत हा विषय काढला की कमल शेडगे (1935-2020) यांच्यापाशी यावेच लागते. शेकडो नाटकांची शीर्षके त्यांनी हाताने घडवली. वर्तमानपत्रातल्या दोन-तीन इंचांच्या जाहिरातीत नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतून कळायचा. तयार फॉन्ट निवडण्याआधी आपला शब्द नुसता न्याहाळावा, ही गोष्ट मी त्यांचे काम पाहून शिकलो. ‘नमन’ हा शब्दच घ्या. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, दोन्ही बाजूंनी सारखा वाचला जातो. एका शिरोरेषेखाली तीन काने उभे, मांडवाखाली तीन खांब असावेत तसे. तो कितीही मोठा करा, डगमगत नाही. ‘शक्ती-तुरा’चे तसे नाही. वेलांटी वर उसळते, उकार खाली लोंबतो. वरखाली जागा सोडली नाही, तर वेलांटी शाहिरांच्या फेट्यात घुसते.

मापाचा एक ठोकताळा पाटी रंगवणारे सांगतात: दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचे अक्षर. शंभर फुटांवरून वाचायचे तर दहा इंच. देवनागरीत ही उंची वेलांटी-उकार सोडून, अक्षराच्या मुख्य अंगाची धरावी. एवढी मोठी अक्षरे फ्लेक्सवर दोन-तीनच शब्दांची मावतात. ते कोणते, हे आधी ठरले की निम्मे पोस्टर झाले.

रत्नागिरीची स्वतःची एक अडचण आहे आणि तिचा विचार मुंबईत बसलेला डिझायनर करणार नाही. आपल्या भिंती चिऱ्याच्या. तांबूस जांभ्यावर लाल-केशरी शीर्षक लावले की ते भिंतीत विरघळते. चिरा खडबडीत, खळ लावून डकवलेला कागद खळग्यांवरून सुटतो आणि आषाढातल्या पहिल्याच सरीला लोंबू लागतो. बाजूला माड आणि आंब्याची हिरवाई, म्हणून हिरवाही हरवतो. उरतात पांढरा, काळा, पिवळा आणि गडद निळा. हे चार रंग भरपूर झाले.

समजा, नमनाचे पोस्टर करायचे आहे. माझी पेन्सिल नमनातल्या संकासुराकडे जाईल. काळा वेश, उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरू. कोकणातल्या पोराला अंधारात त्याची नुसती सावली दिसली, तरी तो ओळखतो. पांढऱ्या कागदावर खालून वर चढत गेलेली ती काळी टोपी, एवढेच चित्र. ‘जॉज’मधला त्रिकोणच तो, पण आता आपल्या अंगणातला. टोकापाशी गडद निळ्या रंगात ‘नमन’. तारीख, वेळ आणि जागा खाली एका ओळीत. शुभेच्छुकांची नावे वगळायची नाहीत; वर्गणी त्यांनीच दिलेली असते. त्यांच्यासाठी मांडवाच्या दाराशी वेगळा फलक लावावा, तिथे लोक थांबून वाचतातही.

छापायला देण्याआधी पोस्टर मोबाईलवर टपाल तिकिटाएवढे करून पाहा, कारण हल्ली पहिली भिंत व्हॉट्सअॅपचीच असते. मग ते काळे-पांढरे करून पाहा. शीर्षक मागच्या रंगात बुडाले तर रंग बदला. शेवटी साध्या कागदावर एक प्रत काढून चिऱ्याच्या गडग्यावर चिकटवा, दहा-बारा पावले मागे जा आणि ज्याला कार्यक्रमाची काहीच माहिती नाही अशा शेजारच्या मुलाला बोलवा. तीन आकडे मोजून होताच त्याला पाठ फिरवायला सांगा आणि विचारा, काय दिसले?